पाहुण्यांचा परिचय

संगणकाच्या प्राध्यापकाचा छापील परिचय तीन परिच्छेदांचा असतो. पहिल्यात पदव्या आणि नोकऱ्या, दुसऱ्यात संशोधनाचे विषय, आणि तिसऱ्यात, कागदावर जागा उरली तर, 'फावल्या वेळात शास्त्रीय संगीताची आवड'. हा तिसरा परिच्छेद दीड ओळीचा असतो आणि माणूस राहतो तो त्यातच. आधीचे दोन म्हणजे पेन्शनचे कागद.

हे मी अधिकारवाणीने सांगतो, कारण आमच्या पालीतल्या हरिनाम सप्ताहात पाहुण्यांचा परिचय वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असतं. पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याची. बल्लाळेश्वराची पाली रायगड जिल्ह्यात. आमच्याकडे अष्टविनायकांपैकी कोणीही नाही, तरी एखादं कुटुंब मोबाइलच्या भरवशावर दूर्वा-नारळ घेऊन येऊन ठेपतंच. त्यांना आम्ही पाणी देतो, नारळ मारुतीपुढे फोडायला लावतो, गड दाखवतो आणि वाटेला लावतो. आमच्याकडे काय आहे, तर पाली दरवाजा. राजगडावर जायच्या वाटांमध्ये ही पायऱ्यांची, सगळ्यांत सोपी. पाव शतकभर स्वराज्याची राजधानी डोक्यावर होती, त्यामुळे इतिहासाच्या बाबतीत आम्ही कोणाचं ऐकून घेत नाही. तालुक्याचं नावही आता वेल्ह्याचं राजगड झालंय. बोलताना मात्र 'वेल्ह्याला जाऊन येतो' हेच निघतं. कचेरीतलं काम तसंही दोन्ही नावांनी एका खेपेत होत नाही.

चेलाडी फाट्याला हायवे सोडून नसरापूर, मार्गासनी करत आत यायला लागलं की भाताच्या खाचरांमध्ये प्लॉटच्या पाट्या उगवलेल्या दिसतात. 'गडाचा व्ह्यू' हा त्यांचा मुख्य माल. गड आम्हाला जन्मापासून फुकट दिसतो, पुण्याच्या माणसाला तो चौरस फुटावर दिसतो. अशाच एका प्लॉटवर संगणकाचे एक निवृत्त प्राध्यापक राहायला आले. त्यांचं नाव सांगत नाही. गावात त्यांना नाव नाहीच, नुसते 'सर'. झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींना त्यामुळे 'गुरुजी'वरच भागवावं लागलं.

संगणकाचा प्राध्यापक गावात राहायला आला, म्हणजे फुकटात सेवा केंद्र उघडलं अशी सगळ्यांची समजूत झाली. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ओट्यावर तीन मोबाइल, एक प्रिंटर आणि उघडत नसलेला सातबारा जमा झाला. सर घाबरून म्हणाले, "अहो, तो माझा विषय नाही." आता ज्या माणसाने आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवला त्याचा विषय कॉम्प्युटर नाही, हे गावाने कसं ऐकून घ्यावं? मी मध्ये पडून सांगितलं की सर यंत्र दुरुस्त करत नाहीत, यंत्राने विचार कसा करावा याचा विचार करतात. त्यावर सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "म्हंजे मिटिंगा."

सप्ताहात त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, तेव्हा त्यांनी दिलेला कागद मी वाचायला घेतला. पदव्यांपर्यंत ठीक गेलं, टाळ्याही पडल्या. दुसऱ्या परिच्छेदात 'फायनाइट ऑटोमॅटा', 'कॉम्प्लेक्सिटी', 'पॅटर्न रेकग्निशन' असे शब्द आले आणि मंडपात शांतता पसरली. पुढच्या रांगेतल्या आज्या पदर सावरून हात जोडून बसल्या. त्यांना वाटलं काहीतरी संस्कृत चाललंय. तिसऱ्यात 'पेटी वाजवतात' एवढं तोंडातून निघालं मात्र, टाळकऱ्यांतून आवाज आला, "मग बसवा की म्होरं!"

संगणक आणि गाणं हे दोन्ही एकाच माणसाला का लागतं, याचा शोध घ्यायचा तर पालीहून थेट कानपूरला जावं लागतं. कानपूर हे गाव तसं चामड्याचं आणि गिरण्यांचं. पण तिथे दोन पाहुणे बाहेरून आले. पहिलं गाणं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य शंकरराव बोडस संगीताचा प्रसार करायला म्हणून तिकडे जाऊन राहिले आणि एका मराठी घराने कानपूरच्या हिंदी मुलुखात ख्याल पेरला. दुसरा पाहुणा संगणक. १९६३ साली तिथल्या आयआयटीत आयबीएम १६२० हे यंत्र आलं. या यंत्राची गंमत अशी, की त्याला बेरीजच यायची नाही. बेरजेचे आणि गुणाकाराचे तक्ते त्याच्या स्मरणात भरून ठेवलेले असत. आकडे आले की ते तक्त्यात बघून उत्तर सांगे. इंग्रजी जाणकारांनी त्यावरून त्याची बरीच चेष्टा केली. आमच्या पिढीला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. औटकीपर्यंतचे पाढे आम्हीही असेच भरून घेतले होते, कोणाला बेरीज येते की नाही हे गुरुजींनी कधी विचारलं नाही.

शंकररावांची मुलगी वीणा, जन्म १९४८. पुढे वीणा सहस्रबुद्धे म्हणून सगळ्या देशाने ऐकलेल्या गायिका. त्यांचे पती हरी सहस्रबुद्धे कानपूरच्या आयआयटीत संगणकशास्त्राचे प्राध्यापक. नंतर पुणे विद्यापीठात आणि मुंबईच्या आयआयटीतही त्यांनी शिकवलं. कानपूरचे दोन्ही पाहुणे एका घरात आले ते असे. एका खोलीत तानपुरा, दुसऱ्या खोलीत प्रोग्रॅमच्या याद्या, असं घर डोळ्यांपुढे आणून पाहा. सर्वसाधारण मराठी घरात नवरा गात असला तर बायको सहन करते आणि बायको गात असली तर नवरा गाडी चालवतो. इथे नवऱ्याने रागाचा प्रोग्रॅम करायला घेतला.

काम असं होतं. राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे. कुठल्या स्वरावरून कुठे जाता येतं याचे नियम असतात. हे नियम भातखंड्यांपासून ग्रंथांत लिहून ठेवलेले आहेतच. (रागांची दहा थाटांत वाटणी करणारे भातखंडे पेशाने वकील. कलमं, पोटकलमं, अपवाद ही सवय दुसरीकडे कुठे लागणार?) सहस्रबुद्ध्यांनी या नियमांवरून रागाचा नकाशा केला, संगणकाच्या भाषेत 'फायनाइट ऑटोमॅटन'. आम्हा पालीकरांना तो गडावरून समजतो. पद्मावती माचीवर उभे राहिलात तर इथून संजीवनीकडे वाट आहे, सुवेळेकडे आहे, बालेकिल्ल्याला आहे. पण संजीवनीच्या टोकावरून एकदम बालेकिल्ल्यावर उडी नाही, आल्या वाटेने मागे या. भूप रागात मध्यम-निषादाची दारं कायमची बंद, गंधारावर हवं तितकं थांबा. यंत्राला एवढं सांगायचं आणि सोडून द्यायचं. ते बापडं वाटा चुकवत नाही, फिरत राहतं, आणि फिरेल ते लिहून काढलं की भूप. असे तुकडे नियमात चोख उतरले, माणसाने बांधलेल्या तुकड्यांतून वेगळे काढता येईनात. १९९२ साली या विषयावरचा निबंध व्हिएन्नाच्या परिषदेतही गेला.

यात मला धाडस दिसतं ते वेगळंच. यंत्राने केलेला भूप व्हिएन्नात वाचून दाखवणं सोपं. ज्या घरात पहाटे खुद्द वीणाताईंचा रियाज चालायचा, त्या घरात तो लिहायला बसणं अवघड.

ही गोष्ट मी आमच्या बुवांना सांगितली. बुवा म्हणजे भजनी मंडळाचे प्रमुख. साठीच्या पुढचे, आवाज गडावर ऐकू जाईल असा, आणि रागाचं नाव एकही माहीत नाही. ते म्हणाले, "चुकत न्हाई म्हंजे त्याला वाट तोंडपाठ. पर कुठं टेकायचं ते?" मला वाटलं, झालं, व्हिएन्ना कोसळली. कारण नेमका तिथेच सगळा घोळ आहे. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. स्वर मोजणाऱ्याला दोन्ही एकच. पण भूप गंधारावर जीव टाकतो, देशकार धैवतावर. एक रात्रीचा, दुसरा सकाळचा. टेकायची जागा बदलली की राग बदलला. पुढे २००३ साली कानपूरच्याच आयआयटीतल्या मुलांनी राग ओळखणारा प्रोग्रॅम केला आणि त्याचं नाव ठेवलं तानसेन. यमन कल्याण आणि भूप एवढे दोनच राग त्याला शिकवले. नुसत्या स्वरांच्या चालीवरून तो ७७ टक्के वेळा बरोबर ओळखायचा. मग त्याला रागांची पकड शिकवली, म्हणजे राग ओळखू येतो तो ठरलेला तुकडा, तेव्हा आकडा ८७ वर गेला. सरांना हा आकडा अभिमानाचा वाटतो. बुवांनी ऐकून एवढंच विचारलं, "दोन राग, त्येबी चुकतोय, आन नाव तानसेन?"

मात्र बुवांनी हसून सोडलं म्हणून सर हटले नाहीत. ते दर एकादशीला भजनाला येऊ लागले आणि आमच्या करमणुकीचे दिवस आले.

पहिला तंटा पट्टीचा. सरांचा सगळा रियाज काळी एकमध्ये, घरात, खिडक्या लावून, शेजाऱ्यांचा विचार करून. आमचं मंडळ काळी चारच्या खाली उतरत नाही, कारण आमच्याकडे शेजारी मंडळातच असतात. पहिल्या दिवशी सरांनी अभंगाचं धृपद धरलं आणि बारा टाळकऱ्यांनी ते त्यांच्या हातातून काढून वरच्या मजल्यावर नेलं. सर तोंड उघडून नुसते बसले. शेवटी ठरलं की सर पेटी वाजवतील, आवाज मंडळ काढेल. (पेटीला कमी लेखू नका. १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी घातली ती तीस वर्षं टिकली. आमच्या मंडळाने त्या काळातही वाजवलीच, कारण आकाशवाणी इथे लागत नव्हती.)

दुसरा तंटा तिहाईचा. एकच बोल तीनदा वाजवून नेमकं समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं, ती तिहाई. सरांनी वहीत समीकरण मांडलं: बोलाच्या मात्रांची तिप्पट, मधल्या दोन विसाव्यांसाठी विसाव्याची दुप्पट, आणि बेरीज आवर्तनाच्या मात्रांहून एकाने जास्त आली पाहिजे. तीनताल १६ मात्रांचा, म्हणजे बेरीज १७. पाच मात्रांचा बोल घेतला तर मध्ये एकेक मात्रा विसावा. भजनी ठेका आठाचा, म्हणजे बेरीज ९. तीनाचा बोल, विसावा शून्य. हे सगळं ते पखवाजवाल्या काकांना समजावून सांगत होते. काका त्या वेळी पखवाजाच्या धुमेला ओली कणीक लावत होते. श्रावणातली हवा, कातडं सर्द झालेलं, दोनदा लावलेली कणीक दोनदा खरवडून काढली होती. अंगठ्याने ती पुरीएवढी पसरवायची, थाप मारून बघायची, घुमारा जड आला तर नखाने चिमूटभर उचलायची. वहीकडे न बघता ते म्हणाले, "तीन, तीन, तीन. नववी देवाला." आणि वाजवून दाखवलं. सम अशी पडली की समई हलली.

"पण काका, लिहून ठेवलं तर पुढच्या वाजवणाऱ्याला उपयोग होईल," सर म्हणाले.

"पुढचा हा बसलाय की," म्हणत काकांनी शेजारी मांडी घालून बसलेल्या नातवाच्या टपलीत मारली. नातू आठ मात्रा गुडघ्यावर मोजत होता. त्या कणकेचं समीकरण मात्र सरांनी नंतर कधी मांडायला घेतलं नाही.

असे नादी प्राध्यापक इकडेच आहेत असं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डला डोनाल्ड नुथ आहेत, प्रोग्रॅमिंगच्या शास्त्रातले महामहोपाध्याय म्हणावे असे. १९६२ साली त्यांनी एक पुस्तक लिहायला घेतलं. ते सात खंडांचं ठरलं. पहिला खंड १९६८ मध्ये आला आणि काम अजून चालू आहे. आपल्याकडचं धरणाचं काम नंतर सुरू होऊन आधी संपतं, यावरून कल्पना यावी. १९९० पासून ते ईमेल बघत नाहीत, वेळ जातो म्हणून. मग वाचलेल्या वेळाचं काय करतात? घरात बसवलेला ऑर्गन वाजवतात! साधी पेटी नव्हे, शेकडो नळ्यांचा, चर्चमध्ये असतो तसला ऑर्गन. शिवाय बायबलच्या शेवटच्या पुस्तकावर त्यांनी ऑर्गनसाठी एक लांबलचक रचना केली आणि १० जानेवारी २०१८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, स्वीडनमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. सात खंड पुरे व्हायचे राहिले, पण गाणं वेळेत पूर्ण. तिसऱ्या परिच्छेदाबद्दल मी म्हटलं ते उगीच नव्हे.

याच नुथांनी १९७७ साली एक विनोदी निबंध लिहिला: गाणी पाठ करायला स्मरणशक्ती किती लागते. प्रत्येक ओळ नवी असेल तर गाणं जितकं लांब तितकं डोकं खर्च. म्हणून माणसाने धृपद शोधून काढलं. तेच तेच म्हणा, पाठांतर कमी. पुढे आणखी हुशार लोकांनी दर कडव्यात एकच शब्द बदलेल अशी गाणी केली, खर्च आणखी घटला. आणि शेवटी नुथांनी दाखवलं की काही आधुनिक नाचगाणी एकच वाक्य घोळवत राहतात. त्यांना कितीही ताणलं तरी स्मरणशक्ती तेवढीच, थोडीशी, पुरते. सर हे मोठ्या रंगात सांगत होते. नुथांच्या दृष्टीने ही प्रगतीची परमावधी, आणि अर्थात टिंगलही.

हे ऐकणाऱ्यांत महिला मंडळाच्या मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "आमचा गजर तसाच न्हाई का? 'विठ्ठल विठ्ठल' करत रात सरती. पाठ काय करायचंय त्यात?"

सर थबकले. सिद्धान्त तर बरोबरच होता: एकच नाव, वाटेल तेवढा वेळ, स्मरणशक्ती स्थिर. फक्त नुथांनी ज्याला गाण्याची शेवटची अवस्था म्हणून चिमटा काढला, तिथून आमच्याकडे भजनाला सुरुवात होते. मी त्यांना म्हटलं, हे तुम्ही नुथांना कळवा. ते म्हणाले, कसं कळवणार, ते ईमेल बघत नाहीत.

गेल्या वर्षी सप्ताहाच्या तिसऱ्या रात्री, जागराच्या भजनात, पेटीचा एक सूर लागून राहिला. पट्टी सोडली तरी सूर बंद होईना. काळी चारच्या मंडळात मध्यमाचा एक न संपणारा कढ. बुवा थांबले, टाळ थांबले, फक्त तो सूर आणि जनरेटर. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते वाक्य येणार, 'तो माझा विषय नाही'. पण सरांनी झाकण काढलं, मोबाइलचा टॉर्च दातांत धरला, पट्ट्या एकेक करून वर उचलल्या आणि आत बोट घातलं. पट्टीखालची स्प्रिंग निसटली होती, झडप उघडीच राहिली होती. "पिन द्या," एवढंच ते टॉर्चच्या बाजूने बोलले. आज्यांच्या पदरांतून पाच-सहा सेफ्टी पिना एकदम पुढे आल्या. एका पिनेने त्यांनी स्प्रिंग ओढून जागेवर बसवली, झाकण लावलं, भाता दाबला. शांत. मग गंधार दाबला, गंधारच आला.

टाळ्या पडल्या, त्याही पदव्यांना पडल्या होत्या त्याहून मोठ्या. चेअरमन स्वतः उठून पुढे आले आणि म्हणाले, "सर, हातासरशी तेवढा माईक बघता का? मगापासनं खरखरतोय."